सीटखालची वायर

विमा कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअर मॅडम दुपारी जेवणाच्या आत येणार होत्या. त्याआधी नाथाला तीन कामं उरकायची होती. हिरवळ कापायच्या गाडीचं ऑइल बदलायचं, सगळीकडे ग्रीस मारायचं आणि सीटखालची वायर काढायची. पहिली दोन कामं विहंगने त्याला सगळ्यांसमोर सांगितली. तिसरं सांगायला त्याला ऑफिसच्या मागे नेलं.

सप्तपर्णी लॉन्स गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जागा विहंगच्या काकांची, कारभार विहंगचा. तुळशीचं लग्न झालं की तिथे एका दिवसात दोन कार्यं होतात. सकाळी लग्न, संध्याकाळी दुसऱ्याच कोणाचं तरी रिसेप्शन. मधल्या तीन-चार तासांत सकाळच्या लग्नाची खूण हिरवळीवर राहू द्यायची नाही, असा तिथला नियम आहे. खुर्च्या उचलता येतात, पत्रावळी गोळा करता येतात. अक्षता गोळा करता येत नाहीत. हळदीत रंगवलेले तांदूळ गवताच्या मुळाशी जाऊन बसतात, आणि झाडूने ओढले तर गवत उपटून येतं.

यावर तिथल्या लोकांनी उपाय शोधला होता. बसून चालवायची गवत कापायची गाडी होतीच. तिच्यामागे गवत साठवायची पिशवी असते. पाती उंच करून गाडी हिरवळीवरून फिरवली की पात्यांच्या वाऱ्याने अक्षता, पाकळ्या, कागदाचे कपटे सगळं ओढलं जाऊन पिशवीत पडतं. गाडी गवत कापायला महिन्यातून दोनदा आणि लग्न उचलायला रोज, असा तिचा वापर सुरू झाला. आसपासच्या दोन-तीन लॉन्सवाल्यांनीही मग तेच केलं.

अडचण एवढीच होती की अक्षतांबरोबर गजऱ्यांचे दोरेही ओढले जात. हारांची सुतळी, पुष्पगुच्छांच्या रिबिनी, जरीच्या झिरमिळ्या. हे सगळं पात्यांच्या आसाला गुंडाळलं जाई आणि गाडी घरघरायला लागे. मग चालवणाऱ्याने उतरायचं, दोरा ओढून काढायचा, परत बसायचं. पण या गाडीच्या सीटखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद पडतं. तसं ते पडावं म्हणूनच तो स्विच बसवलेला असतो. बॅटरी जुनी, इंजिन तापलेलं, दर वेळी चालू करायला वेळ लागायचा, आणि तिकडे रिसेप्शनचे डेकोरेशनवाले टेम्पो घेऊन दारात उभे.

"नाथा, त्या स्विचचं काहीतरी कर," असं विहंग दोन वर्षांपूर्वी म्हणाला होता. नाथाने स्विचचा प्लग काढला आणि प्लगच्या दोन टोकांत बोटभर वायर खोचून दिली. तेव्हापासून गाडीच्या लेखी सीटवर कायम माणूस बसलेला होता.

मागच्या आठवड्यात दीपक, नाथाच्या बहिणीचा मुलगा, असाच उतरला. इंजिन चालू होतं. पाती बंद करायचा दांडा आपण खाली ओढला असं त्याला वाटलं; तो अर्धवट ओढला गेला होता. त्याने उजवा हात पिशवीच्या तोंडातून आत घातला. अंगठा राहिला. बाकीची चार बोटं राहिली नाहीत.

ऑफिसच्या मागे विहंग हळू आवाजात बोलला होता. तो कोणावर ओरडत नसे.

"मॅडमना मी काय सांगणारे ते ऐकून ठेव. दीपक सीटवर पाण्याचा जार ठेवून उतरायचा. स्विचला वाटायचं माणूस बसलाय. आपण त्याला किती वेळा रागावलो."

"तो असं नाय करायचा, विहंगभाऊ."

"माहितीये मला. पण करायचा नाही हे सांगणार कोण?"

विहंगने कोपऱ्यावरून शेडकडे बघून घेतलं.

"वायर सापडली तर पहिला प्रश्न काय येईल? लावली कोणी. मी म्हणेन मी सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू? पण मी स्विच काढायला नव्हतं सांगितलं, काहीतरी कर म्हणालो होतो. हात तुझा होता, नाथा. पोलीस हातच बघतात."

नियम सरळ आहे. कामगाराने सुरक्षेचं साधन स्वतःच निकामी केलं असेल, तर हात गेला तरी त्याला भरपाई मिळत नाही. ते मालकाच्या सांगण्यावरून निकामी झालं असेल, तर भरपाई मिळते आणि वर मालकावर गुन्हा येतो. ज्याने वायर जोडली त्याच्यावरही येऊ शकतो. वायर जागेवर राहिली तर दीपक निर्दोष होता. वायर गेली की जार उरत होता.

पोलिसांनी पंचनाम्यात पाती बघितली, रक्त बघितलं, फोटो काढले. सीट कोणी उचलली नाही. त्यानंतर विहंगने गाडी खालून-वरून पाण्याने धुऊन घेतली आणि शेडला कुलूप लावलं. ते कुलूप आज सकाळी उघडलं.

नाथाने गाडी शेडबाहेर फरशीवर आणली, ब्रेक लावला आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. थंड ऑइल पूर्ण उतरत नाही, तळाशी गाळ धरून बसतं. आधी इंजिन कोमट करायचं, मग बंद करून खालचा नट सोडायचा. हे तो कोणालाही शिकवताना पहिल्यांदा सांगायचा. दीपकलाही सांगितलं होतं.

पलीकडे कुसाबाई वाकून खराट्याने अक्षता काढत होती. आठवडाभर तेच चाललं होतं.

"तुमची गाडी पडली आजारी आन् माझी कंबर चालली कामाला," ती तिथूनच ओरडली. "नाथाभाऊ, कर बाबा नीट तिला एकदाची. कोंबड्यासुद्धा तांदूळ खाऊन कंटाळल्या माझ्या."

"आज चालू होईल," नाथा म्हणाला.

"चालवणार कोण?"



इंजिन बंद करून तो खाली बसतो आहे तोच गेटमधून स्नेहल आली. दीपकची बायको. हातात डब्याची पिशवी होती. ती सकाळी दवाखान्यात डबा देऊन तशीच सहाआसनी रिक्षाने आली होती. तिने नाथाला वाकून नमस्कार केला. त्याने तो घेतला.

"कसाय?"

"रात्री झोपले नाय. नसलेली बोटं दुखतात म्हणतात." ती पायरीवर टेकली. "मामा, त्यांनी पाठवलंय मला. म्हणाले, आज शेड उघडणार हाय, मॅडम यायच्या आत जाय आणि वायरीचा फोटो काढ. सीटच्या खाली हाय म्हणे. मामा दाखवतील."

नाथाने पान्हा नटाला लावला होता. तो तसाच धरून राहिला.

"त्याला कसं कळलं मॅडम यायच्यात?"

"विहंगभाऊंनीच फोन केला होता. म्हणाले, मॅडम नंतर दवाखान्यात पण येतील, तेव्हा जास्त बोलू नको, दुखतंय म्हण." ती उठून गाडीजवळ आली. "कुठून उचलायची ही?"

"थांब. हात नको लावू. इंजिन तापलंय, भाजशील. आधी हे ऑइल उतरू दे."

ती थांबली. सायखेड्याची मुलगी, घरचा ट्रॅक्टर होता. गरम इंजिनाला हात लावायचा नसतो हे तिला माहीत होतं. आणि सांगणारा नाथामामा होता. लग्नात दीपकच्या मागे तोच उभा राहिला होता. गावात शेतीत दीपकचं मन लागत नव्हतं, तेव्हा त्याला नाशिकला आणून या कामाला लावणाराही तोच.

नाथाने आडवा कापलेला पत्र्याचा डबा खाली सरकवला आणि नट सोडला. ऑइल आधी दोरीसारखं पडलं, मग बारीक झालं. काळं होतं, आणि उन्हात त्यात बारीक चमक दिसत होती.

"एवढं काळं?" स्नेहलने विचारलं.

"लय दिवस बदललं नाय. सीझनमध्ये टाइम कुठं मिळतो."

"आता मिळाला."

ती टोमणा मारत नव्हती बहुतेक. पण नाथाने मान वर केली नाही.

ऑइल थेंबावर आल्यावरही तो वाट बघत राहिला. एवढं थांबायची गरज नसते. मग त्याने फिल्टर फिरवून काढला, नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावलं, हाताने घट्ट बसवला. नट लावला. नवीन ऑइल फनेलमधून ओतलं, मधासारखं. डिपस्टिक काढली, पुसली, घातली, परत काढली. खुणेच्या थोडं खाली होतं. अजून घातलं. सगळं तो नेहमीपेक्षा नीट करत होता.

"झालं का, मामा?"

"ग्रीस राहिलं. मॅडम बघतील म्हणून विहंगभाऊ म्हणाले सगळं झालेलं पाहिजे."

"फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? तुम्ही नुसतं दाखवा, मी काढते. तुम्ही करत बसा तुमचं."

"अगं ग्रीस मारताना सीट उचलावीच लागते. तेव्हा काढ. एकदाच काय ते."

हे खोटं होतं. सीट उचलायची काही गरज नव्हती. स्नेहल परत पायरीवर बसली आणि फोनमध्ये वेळ बघितली.

पुढच्या चाकांच्या निपलवर त्याने ग्रीस गन लावली आणि दांडा दाबला. जुनं तपकिरी ग्रीस बाजूने बाहेर आलं, मग नवीन पिवळं दिसायला लागलं. स्टिअरिंगखाली मारलं. मग तो जमिनीवर आडवा झाला आणि पात्यांवरच्या लोखंडी झाकणाखाली त्याने हात घातला. बॅटरीची तार आधी सुटी करून ठेवली होती. त्याच्या बोटांना आसाभोवती गुंडाळलेला गोळा लागला. धुऊनही तो निघाला नव्हता. त्याने चाकूने चिरून काढला. गजऱ्याचा दोरा, रिबीन, दोन-चार अक्षता, सगळं ग्रीसमध्ये घट्ट झालेलं.

स्नेहल वाकून बघत होती.

"हेच काढायला गेले होते का?"

"हां."

"दाखवा."

त्याने गोळा तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटसुलट करून बघितला, मग पुढे जाऊन कचऱ्याच्या पाटीत टाकला आणि हात साडीला पुसला.

"एवढ्यासाठी," ती म्हणाली.

गेटवर हॉर्न वाजला. पण ती फुलवाल्याची गाडी होती. विहंग ऑफिसच्या दारात आला, नाथाकडे बघितलं, मनगटावरचं घड्याळ बोटाने ठोकून दाखवलं आणि आत गेला. स्नेहलला त्याने पाहिलं होतं. 

नाथा उठून बसला. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

"पोरी, कुसाबाईकडे चिंध्या असतील. तेवढ्या घेऊन ये. हात पुसतो आणि सीट उचलतो."

"आणते."

ती गेली. कुसाबाई हिरवळीच्या पार दुसऱ्या टोकाला, स्टेजजवळ होती. स्नेहल हिरवळीच्या कडेकडेने चालली. आज संध्याकाळी कार्य आहे म्हणून तिने गवतावर पाय दिला नाही. मधून गेली असती तर लवकर परतली असती.

नाथाने सीटची कडी सरकवून सीट पुढे पाडली. वायर होती तिथेच होती, लाल, दोन वर्षांच्या धुळीने मळलेली. त्याने ती ओढली. एका झटक्यात आली. प्लग त्याने स्विचवर दाबून बसवला, टक असा आवाज होईपर्यंत. वायर काळ्या ऑइलच्या डब्यात टाकली. ती बुडाली. सीट खाली केली, कडी लावली.

हे करायचं असं त्याने ठरवलं होतं की नव्हतं, हे पुढे त्याला कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. स्नेहल परत आली तेव्हा तो फरशीवरचे ग्रीसचे डाग पायाने पुसत होता.

"कुसाबाई म्हणते, मामाला सांग, ह्या चिंध्या परत पाहिजेत," स्नेहल म्हणाली. हसली थोडी. "म्हणे, विहंगभाऊ चिंध्यांचा पण हिशोब मागतात."

त्याने हात पुसले. सीट उचलली.

स्नेहलने फोन समोर धरला. मग खाली केला.

"कुठंय?"

"बघ तूच."

तिने वाकून बघितलं. स्विच होता, त्याला प्लग लावलेला होता. तिने बोटाने प्लग हलवून पाहिला.

"लाल वायर म्हणाले होते. बोटाएवढी."

"पोलिसांनी काढली असंल."

"पोलिसांनी सीट उचललीच नाय म्हणतात."

"धुतली ना गाडी. तेव्हा कोणी काढली असंल." तो सीटच्या कडीशी खेळत होता. "मला काय माहीत."

 तरीही, कशासाठी कोण जाणे, तिने फोटो काढला. स्विचचा, प्लगचा.

सर्व्हेअर मॅडम आल्या तेव्हा उन्हं चढली होती. प्रतिभा त्यांचं नाव. स्वतःच्या स्कूटरवर आल्या, पाठीला सॅक, पायात बूट. चहा नको म्हणाल्या. विहंगने खुर्ची आणवली, त्यावर त्या बसल्या नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाती बघितली, मग डिपस्टिक काढली.

"हे आज बदललंय?"

"सर्व्हिसिंग नियमित करतो आपण, मॅडम," विहंग म्हणाला.

"मी आज म्हणाले."

"आज. सीझन आहे ना. पंचनामा झाला होता, पोलिसांची हरकत नव्हती."

"माझी असती," त्या म्हणाल्या. "अपघातातलं यंत्र मी बघेपर्यंत जसं आहे तसं ठेवायचं असतं. असो. चालू करा."

नाथाने बॅटरीची तार जोडली आणि सीटवर बसला. किल्ली फिरवली. इंजिन लागलं, आवाज एकसारखा, गुळगुळीत. नवीन ऑइलवर लागतो तसा. विहंगच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"पाती चालू करा. तिकडे गवतावर घ्या आधी."

गवतावर नेऊन नाथाने पात्यांचा दांडा वर ढकलला. इंजिन लगेच बंद पडलं.

त्याने परत किल्ली फिरवली. लागलं. दांडा ढकलला. बंद.

"तुम्ही सीटवर बसलेले आहात ना?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"मग बंद का पडतं?"

नाथाला कारण कळलं होतं, पहिल्याच वेळी कळलं होतं. दोन वर्षं ज्या स्विचला काम नव्हतं तो गंजून गेला होता. माणूस बसला तरी त्याची टोकं आता एकमेकांना टेकत नव्हती. वायर होती म्हणून गाडी चालत होती. वायर नसताना ही गाडी गेल्या आठवड्यात एक अक्षतही उचलू शकली नसती, आणि जार ठेवा नाहीतर कोणी बसा, पाती फिरली नसती.

मॅडमनी सीट उचलायला सांगितली. स्विच बघितला.

"याला गंज दिसतोय. हा स्विच चालत नसेल, तर अपघाताच्या दिवशी पाती फिरली कशी?"

विहंगने नाथाकडे बघितलं.  गाडीचं त्याला काहीच कळत नव्हतं.

"मॅडम, वायर होती तिथं," स्नेहल पुढे होऊन म्हणाली. ती इतका वेळ पायरीजवळ उभी होती. "सीटखाली वायर जोडली होती, म्हणून फिरली पाती."

"तुम्ही कोण?"

"ज्यांचा हात गेला त्यांची बायको."

"तुम्ही पाहिली वायर?"

"त्यांनी सांगितलं."

"म्हणजे तुम्ही पाहिली नाही."

"वहिनी," विहंग मऊ आवाजात म्हणाला, "मघाशी तुम्ही सीट उचलून फोटो काढलात ना? दाखवा ना मॅडमना. असेल त्यात वायर, तर दिसेल."

स्नेहलचा फोन हातातच होता. मॅडमनी हात पुढे केला. तिने दिला. मॅडमनी फोटो मोठा करून बघितला आणि फोन परत दिला. त्यांचं काम एका बाजूने सोपं झालं होतं. उरला होता फक्त गंज.

त्या नाथाकडे वळल्या. "गाडीची देखभाल तुम्ही करता ना? मग तुम्हीच सांगा. स्विच खराब, तरी त्या दिवशी गाडी चालली. कशी?"

कुसाबाईचा खराटा थांबला होता.

नाथा एवढंच म्हणू शकला असता की वायर मी लावली होती. चार शब्दांचं काम होतं. त्याच्याजवळ ते शब्द होतेही. आठवडाभर तो ते रात्री मनातल्या मनात बोलून बघत होता. स्नेहल त्याच्याकडे बघत होती. विहंग खाली बघत होता.

"त्या दिवशी स्विच चांगला होता, मॅडम," नाथा म्हणाला. "पंचनामा झाल्यावर गाडी धुतली. प्रेशरने. सीटखाली पाणी गेलं. मग आठवडाभर बंद शेडात उभी. ओल राहिली की ही टोकं आठ दिवसांत अशीच धरतात. तांब्याची असतात. बारीक पॉलिश पेपर मारला की चालू होईल. दाखवू का मारून?"

तो विचार करून बोलला नव्हता, पण यापेक्षा चांगलं उत्तर कोणी आठवडाभर विचार करून दिलं नसतं. मॅडमनी स्विचवर बोट फिरवून हिरवट पूड बघितली.

"मारा."

त्याने पॉलिश पेपरचा तुकडा घडी करून टोकांवर फिरवला. दोन वर्षांचा गंज होता, जोर लावावा लागला. तेवढा जोर त्याने खांद्याने लपवला. मग बसला, किल्ली फिरवली, दांडा ढकलला. पाती फिरली. मॅडमनी खूण केल्यावर तो सीटवरून उठला. इंजिन बंद पडलं.

"म्हणजे स्विच काम करतो," मॅडम म्हणाल्या. "माणूस उठला की बंद. मग तो उतरल्यावर पाती फिरत कशी राहिली?"

"मी फोनवर म्हणालो ना मॅडम, जार—" विहंग म्हणाला.

"त्यांना सांगू द्या. तो सीटवर पाण्याचा जार ठेवायचा का?"

नाथाने स्नेहलकडे न बघता सांगितलं, "उन्हाचं काम. जार गाडीवर असायचा त्याच्याजवळ."

हे खरं होतं. जार असायचा, पायाशी.

"आणि वायर?"

"वायर काय नव्हती."

मॅडमनी लिहून घेतलं. मागचे-पुढचे फोटो काढले, सीटची रुंदी मोजली, एक रिकामा जार मागवून सीटवर बसतो का ते पाहिलं. बसत होता. जाताना त्या स्नेहलजवळ थांबल्या. "मी दवाखान्यात जबाब घ्यायला उद्या येईन. त्यांना जे सांगायचं ते सांगू दे. पण बाई, मी बघितलं ते आणि ज्याने यंत्र हाताळलं तो बोलला ते, एवढंच मला लिहिता येतं."

विहंगने त्यांना गेटपर्यंत सोडलं. परत येताना नाथाच्या खांद्यावर हात ठेवला. "डोकं आहे तुला," तो म्हणाला आणि फुलवाल्याकडे गेला.

स्नेहल तिथेच होती. तिने डब्याची पिशवी उचलली नव्हती. तिचा फोन वाजला. तिने नाव बघितलं, फोन घेतला, स्पीकर लावला आणि दोघांच्या मध्ये धरला.

"गेल्या का मॅडम?" दीपकचा आवाज. औषधांनी जड झालेला. "मामा हाय का तिथं?"

"हाय. ऐकतायत."

"मामा, दाखवली का वायर?"

नाथाने स्नेहलकडे बघितलं. तिने काही खूण केली नाही.

"दाखवली," तो म्हणाला.

"झालं मग." दीपक सुटल्यासारखा हसला. "खरं सांगू का मामा, मला भीती वाटत होती. ती तुम्हीच लावलेली ना. म्हटलं, मामा घाबरला तर? पण आई म्हणाली, माझा भाऊ असला तरी मी सांगते, तो खोटं बोलायचा नाय. मी म्हणालो बघू."

स्नेहल म्हणाली, "नाय दाखवली."

"काय?"

"मामांनी काढून टाकली. मला चिंध्या आणायला पाठवलं, तेवढ्यात. मॅडमला सांगितलं वायर नव्हती. आन् तुम्ही सीटवर जार ठेवायचे म्हणून मॅडम लिहून घेऊन गेल्या."

पलीकडे खाट करकरली.

"अहो," ती म्हणाली.

"ऐकतोय." मग, "मामा?"

नाथाने चिंधीने परत हात पुसायला घेतले. ते आता पुसून निघण्यासारखे राहिले नव्हते, साबण लागणार होता.

"मामा, तुम्ही बोला ना. ही काहीतरी उलटं समजली असंल."

स्नेहलने फोन त्याच्या आणखी जवळ नेला, पार तोंडापाशी. त्याचा श्वास पलीकडे ऐकू जात असणार.

 फोन दीपकनेच बंद केला. पण डाव्या हाताने ते त्याला अजून पटकन जमत नव्हतं. तोपर्यंत वॉर्डातले आवाज येत राहिले. एक ट्रॉली गेली. कोणीतरी कोणाला तरी विचारलं, चहा आला का.